डाव्या बुटाची टाच

सातारा,
मे महिन्यातला रविवार

प्रिय अहो,

‘प्रिय वीरधवल’ असं लिहून बघितलं आणि तो कागद फाडून टाकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी तुमचं नाव लिहिताना आत्या मागं उभ्या आहेत की काय असं वाटतं. खरं तर त्या, तुमच्या आई, आतल्या खोलीत आडव्या झाल्यात, ऋषी क्लासला गेलाय आणि मी त्याच्याच टेबलावर त्याच्याच पेनानं लिहितेय. पत्र बघून दचकू नका. घरी सगळे बरे आहेत. आत्यांचा मोतीबिंदू काढला तो डोळा आता इतका छान झालाय, की तांदळातला खडा त्यांना माझ्या आधी दिसतो आणि तो मला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “जूनअखेर मी येतोय पेन्शनला. मी आलो की तुझं ते पळणं बंद. लय झालं.” मी होही म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ऋषीच्या दहावीचा विषय काढला आणि तुम्हाला वाटलं, मिटलं. फोनवर मला भांडता येत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आत्या शेजारी बसून “काय म्हणतोय?” विचारत असतात, मध्येच तुमची रेंज जाते, आणि पुन्हा फोन लागेपर्यंत माझा राग निवून जातो. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लिहायची तसं पत्र लिहायला बसलेय. पत्र पळण्याबद्दल आहे, आणि त्यातही बुटांबद्दल जरा जास्तच आहे. कंटाळा आला तरी मध्येच घडी घालून ठेवू नका.

सुरुवात कशी झाली हे तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. आपल्या गल्लीतल्या राजेश्वरी मॅडम, कॉलेजात शिकवतात त्या, सकाळी चारचौघी बायका घेऊन यवतेश्वरच्या घाटात पळायला जातात. मी नुसती चालायला म्हणून गेले. एका वळणावर मी मागं पडले, त्यांना गाठायला म्हणून चार पावलं पळाले आणि मग थांबावंसंच वाटेना. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खो खो हसलात. “कुंडलची पोरगी, उसाच्या सरीत पळून पाय तयार हायत तुझं,” असं म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत ते तुम्हीच. पुढच्या सुट्टीत मिलिटरी कँटीनमधून बूट आणलेत तेही तुम्हीच. निळे, पुरुषांचे, आणि चांगले दोन बोटं मोठे, कारण तुमच्या हिशेबानं बुटात जाड लोकरी मोजा मावला पाहिजे. साताऱ्याच्या उकाड्यात मी जाड लोकरी मोजे घालून पळावं असं तुम्हाला का वाटलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही हौसेनं आणले होते आणि मला त्याचं खूप कौतुक वाटलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना दाखवले मी ते.

पण ते बूट घालून पळाले की नडगीत अशी कळ यायची, की जिना उतरताना कठडा धरावा लागे. अंगठ्याचं नख काळं पडलं. तेवढ्यात मामा गावाहून आले होते. त्यांना मामा म्हणायचं की मामंजी, यावरून लग्नात आमच्या आईनं घातलेला घोळ आठवतो का? तर तुमच्या वडिलांनी माझं नख बघितलं आणि खुर्चीत सरसावून बसले. तीस वर्षांपूर्वी सोडलेली पलटण त्यांच्या अंगात अशी अधूनमधून येते. म्हणाले, “बूट चावतोय म्हंजी बसतोय. पाय बुटाला सरावला पायजे. बादलीत बुडीव, पायात घाल आन् पायातच वाळीव.” बेळगावला रंगरूट असताना त्यांनी चामड्याचे बूट असेच बसवले होते म्हणे. मीही फौजीची सून आणि फौजीची बायको. दोन्ही बूट रात्रभर बादलीत ठेवले आणि सकाळी ते ओले जड गोळे पायात घालून गच्चीवर उन्हं चढेपर्यंत फेऱ्या मारल्या. आत्यांनी खालून विचारलं, नवस बोलली आहेस का म्हणून.

तुम्हाला हसू आलं असणार. आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात घाटातल्या मोठ्या वळणावर उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि पावलागणिक फटाक फटाक वाजायला लागला. आजकालचे हे बूट चामड्याचे नसतात, त्यात फोम असतो आणि तो गोंदानं चिकटवलेला असतो, हे ना मामांना माहीत ना मला. केसांचं रबर काढून बुटाला बांधलं आणि तशीच मोकळ्या केसांनी खाली आले. दारात आत्यांनी बूट बघितला, मग मामांकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, “पोरी, बूट तुझ्यासाठी हाय का तू बुटासाठी?” मामांनी पेपरचं पान उलटलं. आमच्या वेळी चामडं होतं, एवढंच पुटपुटले. त्यानंतर घरात बुटाचा विषय निघाला की ते शेळीला पाला टाकायला म्हणून उठतात. साताऱ्यात आपल्याकडं शेळी नाही.

मग राजेश्वरी मॅडम मला पोवई नाक्याकडच्या एका दुकानात घेऊन गेल्या. मुद्दाम संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय जरा सुजलेले असतात आणि पळतानाही ते तसेच फुगतात, त्यामुळं माप तेव्हाचंच खरं. दुकान साईराज म्हणून एक जण चालवतो, स्वतः शर्यती पळतो. मी आत शिरल्या शिरल्या मॅडमच्या पायाकडं बोट दाखवून म्हणाले, असलेच द्या. मॅडम पळतात किती झोकात, म्हटलं बुटाचीच करामत असेल. त्यानं ते आणून माझ्या पायात घातलेही. एवढे मऊ, की कापसाच्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. पण दुकानातल्या दुकानात चार पावलं पळाले तर घोटा आतल्या बाजूला लचकायला लागला. मग तो म्हणाला, जुने बूट आणलेत का? पिशवीत होते, पण त्या अवस्थेत बाहेर काढायची लाज वाटत होती. शेवटी काढले. त्यानं ते उलटे धरून उजेडात बघितले. दोन्ही बुटांची टाच आतल्या कडेनं झिजलेली, आणि अंगठ्याखालीही तसंच.

मग त्यानं पाय ओला करून जुन्या वर्तमानपत्रावर उभं राहायला सांगितलं. मॅडमच्या पावलाच्या ठशात मध्ये कमान असते, चंद्रकोरीसारखी. माझं आख्खं पाऊल उमटलं, भाकरी थापावी तसं सपाट. लहानपणापासून रानात अनवाणी हिंडले त्यामुळं चवडाही रुंद. त्यानं मला दुकानापुढच्या रस्त्यावर पळायला लावलं आणि मागून मोबाईलवर चित्रण केलं. पंजाबी ड्रेसवर ओढणी खोचून मी पळतेय आणि नेमके आपल्या गावचे नानासो गाडीवरून चाललेले. थांबून विचारतात, वैनी, कोण पळालं काय घेऊन? त्यांना समजावता समजावता मॅडम हसून बेजार. गावात ही बातमी कुठल्या रूपात पोचली असेल देव जाणे, तुमच्या कानावर आली तर खरी गोष्ट ही आहे.

ते चित्रण बघून मला नवल वाटलं. आपण पाठमोरे कसे पळतो हे आपल्याला कधी दिसतच नाही. माझी टाच आधी धपकन आपटत होती, मग पाऊल आत कलायचं आणि त्याच्यामागं गुडघाही आत जायचा. नडगीतली कळ तिथून येत होती. मऊ बुटात ते आणखी कललं असतं. मॅडमच्या पायाला कमान मोठी, त्यांना मऊच हवा. मला आतल्या बाजूनं जरा टणक आधार असलेला आणि चवड्याला रुंद, असा हवा होता. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढं बोटभर जागा, कारण घाट उतरताना पाऊल पुढं सरकतं आणि बोटं आपटतात. माझं नख त्यामुळंच काळं पडलं होतं. मोठ्या बुटात पाऊल जास्तच सरकायचं. टाच मात्र घट्ट धरलेली हवी. तसे तीन-चार घालून, पळून बघितले आणि शेवटी एक असा निघाला की पायात आहे हे विसरायला झालं. रंग भयानक आहे, पोपटी. साईराज म्हणाला, बूट पहिल्या दिवसापासून बरा वाटला पाहिजे, आज चावणारा उद्याही चावणार. हे वाक्य मी मामांना सांगितलेलं नाही.

तेव्हापासून नडगी दुखली नाही. सप्टेंबरात घाटातली मोठी शर्यत असते, त्यात मी यंदा नाव दिलंय. नंबर काढायला नाही, पूर्ण करायला. तुम्ही विचाराल, मिळतं काय त्यात? मी पण विचार केला. सकाळच्या त्या वेळात मला कुणी काही मागत नाही. आत्यांचा चहा, ऋषीचा डबा, गावाकडच्या भाताचं काय झालं, कुंडलला दादाच्या उसाला तोड मिळाली का, हे सगळं खाली राहतं आणि मी आणि माझा श्वास एवढंच वर जातं. परत येते तेव्हा माझा आवाज कमी चढतो, हे ऋषीचं मत आहे. तुम्ही नसताना हे घर मी एकटीनं चालवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते चालवायला लागणारं बळ कुठून आणायचं हे मला फार उशिरा सापडलं, आणि ते सोडायला सांगितलं की जीव घाबरा होतो.

त्या दुकानातून आणखी एक खोड मी घरी घेऊन आले. कुणाचंही पायताण दिसलं की मी ते उलटं करून बघते. लग्नाला गेले, की अक्षता पडेपर्यंत माझं लक्ष मांडवाबाहेरच्या चपलांवर. आत्या पुढं वाकून चालतात, त्यांच्या चपला चवड्याला झिजतात. ऋषी पाय घासत चालतो, त्याला त्यावरून रोज बोलणी बसतात. दादाच्या उजव्या चपलेला मध्यभागी खड्डा आहे, त्याची जुनी मोटारसायकल किक मारून मारून सुरू होते ना, त्याचा. आत्या म्हणतात, कुडमुड्या ज्योतिषी हात बघतो, ही तळवे बघते.

दिवाळीत तुम्ही आलात. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी दारात रांगोळी काढायला बसले आणि तुमचे राखाडी बूट बाजूला सरकवले. सवयीनं उलटे केले. उजव्या बुटाची टाच इतकी झिजलेली, की आतला पांढरा थर दिसत होता. डाव्या बुटाची टाच जवळजवळ नवीन. आधी वाटलं, तिकडं बराकीत कुणाच्या तरी बुटाशी अदलाबदल झाली असेल. पुन्हा बघितले. माप एक, नाडी एक, कापडावरचा चिखलाचा डाग दोन्हींवर सारखा. मग मला कळलं की हे बूट घालणारा माणूस डाव्या पायावर भार देत नाही. रांगोळीचं पांढरं पीठ मुठीत धरून मी तशीच बसून राहिले. आत्यांनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

मग सगळंच दिसायला लागलं. ऋषीला टेबलावर जेवायची सवय लावायची, असं म्हणून तुम्ही खाली पंक्तीला बसला नाहीत. पाडव्याला मी पाट मांडला तर म्हणालात, पाठ धरलीय, खुर्चीवरच ओवाळ. दर दिवाळीला पहाटे ऋषीला घेऊन अजिंक्यतारा चढणारा माणूस यंदा उन्हं येईपर्यंत पांघरूण घेऊन पडला होता, आणि तुम्ही जागे होतात हे मला माहीत होतं. जिना उतरताना कुणी बघत नाही असं वाटलं की तुम्ही दोन्ही पाय एका पायरीवर आणत होता. त्याआधी पावसाळ्यात कितीतरी दिवस तुमचा चेहरा फोनवर दिसत नव्हता. रेंज नाही म्हणायचात, पण आवाज तर खणखणीत यायचा. मी काही विचारलं नाही. वाटलं, जायच्या आधी सांगाल. स्टँडवर तुम्ही दांडा धरून एसटीत चढलात आणि वळून बघितलंत, मला दिसलं का ते. मी ऋषीच्या शर्टाचं बटण लावत होते. ते आधीच लावलेलं होतं.

संक्रांतीला तुमच्या पलटणीतल्या विश्वजितच्या बायकोचा पलूसहून फोन आला होता, तिळगूळ घ्या म्हणून. बोलता बोलता म्हणाली, “भावजींचा गुडघा ऑपरेशननंतर बरा हाय ना आता?” तिला वाटलं मला माहीत असणार. मी म्हणाले, हो, बरा आहे. फोन ठेवला आणि मोरीत नळ सोडून खूप रडले. आधी राग आला होता. तुम्हाला भूल दिली, गुडघा उघडला आणि इथं मी त्या दिवशी कदाचित वांगी चिरत असेन. मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. पलटणीत आपल्या कंपनीसाठी क्रॉसकंट्री पळणारा माणूस. लग्नात तुमच्याकडचे लोक तुमच्या शेतीबद्दल कमी आणि पळण्याबद्दल जास्त सांगत होते. पहिल्या वर्षी मेढ्याच्या डोंगरात मला फिरायला न्यायचात, पुढं पळत जायचात आणि मी अर्ध्यात पोचेपर्यंत परत यायचात. त्या गुडघ्यालाही तुम्ही मामांचाच कायदा लावला असणार. दुखतोय म्हणजे सरावतोय.

तेव्हा ‘मी आलो की तुझं पळणं बंद’ हे तुम्ही का म्हणालात ते मला समजलंय. सकाळी मी दारात पोपटी बूट चढवणार आणि तुम्ही आत पडून नाडी बांधल्याचा आवाज ऐकणार. ते तुम्हाला जड जाईल. मलाही जड जाईल. तरी मी पळणं सोडणार नाही. हे स्पष्ट लिहितेय, नंतर ‘तू बोलली नव्हतीस’ असं म्हणू नका. मी सोडल्यानं तुमचा गुडघा परत येणार असता तर हे बूट मी आजच मोलकरणीला देऊन टाकले असते. येताना कँटीनमधून बूट आणू नका, माझ्यासाठी नको आणि तुमच्यासाठीही नको. तुमचे दोन्ही पाय आता सारखे राहिलेले नाहीत. आपण दोघं साईराजकडं जाऊ आणि त्या दोन पायांचं काय करायचं ते त्याला विचारू. तुम्हाला रस्त्यावर पळायला लावणार नाही, एवढं मी त्याला आधी सांगून ठेवीन.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. काल मामांचा गावाहून फोन आला. पेन्शनवर येणाऱ्या जवानाची काढतात तशी तुमची मिरवणूक काढायची ठरलीय. गावातले लोक जीप सांगायला गेले होते, पण मामा म्हणाले, माझा पोरगा चालत येईल, वर्दीत, छाती काढून, फाट्यापासून जोतिबाच्या देवळापर्यंत. तो चढ तुम्हाला माहीत आहे आणि वरच्या पायऱ्याही. हलगीवाले सांगून झालेत. मामा इतके खूश होते की मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, आणि तुमच्या गुडघ्याचं सांगणं माझं कामही नाही. तुम्ही सांगा त्यांना, हे पत्र वाचून झालं की लगेच. तुम्ही नाही सांगितलंत तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. तुम्ही दात आवळून तो आख्खा चढ ताठ चालाल, सगळा गाव टाळ्या वाजवेल आणि मी एकटी तुमच्या डाव्या पायाकडं बघत असेन. ते माझ्याच्यानं बघवणार नाही. मामा दोन दिवस शेळीला पाला टाकत राहतील, मग तेच जीप ठरवतील, मी त्यांना ओळखते. नाहीच ठरवली आणि चालावंच लागलं, तर लंगडत या. गावासमोर, मामांसमोर, ऋषीसमोर लंगडत या. मी शेजारी असेन. मला हळू चालायलाही येतं.

तुमचीच,
संयोगिता